इंग्रजी शिव्या: वर्गात नाही, जिन्यात विचारले जाणारे प्रश्न

परदेशी निघालेल्या किंवा परदेशी क्लायंटशी बोलावं लागणाऱ्या मोठ्या माणसांना मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. वर्गात प्रश्न येतात ते 'हॅव बीन'चे. वर्ग सुटला की कुणीतरी मागे रेंगाळतं, जिन्यात गाठतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, "मॅडम, एक विचारू का? राग नाही ना येणार?" तेव्हाच कळतं, पुढचा प्रश्न कसला आहे. त्या प्रश्नांची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते. शब्द फुल्या न मारता लिहिलेत, कारण फुल्यांचं व्याकरण शिकवता येत नाही. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

सिरीजमध्ये दर वाक्याला 'फक' येतो आणि दर वेळी अर्थ वेगळाच. हा शब्द आहे तरी काय?

मूळ अर्थ संभोग. पण रोजच्या बोलण्यात तो अर्थ क्वचितच डोक्यात असतो. आपण "च्यायला, पाऊस आला" म्हणतो, "च्यायला, काय खेळला गडी" म्हणतो, किल्ली हरवली तरी च्यायला आणि सापडली तरी च्यायला. त्यात कुणाच्या आईचा काय संबंध? तसंच हे.

फरक असा की आपला च्यायला बहुधा वाक्याच्या उंबऱ्यावर उभा राहतो. इंग्रजी शब्द मात्र घरात शिरून कुठल्याही खोलीत बसतो: नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, नुसता उद्गार. आणि एकदा बसला की अर्थ ठरवतात त्याच्या शेजारचे चिमुकले शब्द. 'फक अप' म्हणजे वाट लावणं. 'फक ऑफ' म्हणजे चालता हो. 'फक अराउंड' म्हणजे टवाळक्या करणं. 'फक ओव्हर' म्हणजे एखाद्याला गंडवणं. 'फक विथ' म्हणजे मुद्दाम खोडी काढणं. 'फक ऑल' म्हणजे शष्प, काहीही नाही. मोठा शब्द सगळीकडे तोच. बदलला तो शेपटाचा छोटासा तुकडा. म्हणून मी सांगते, ऐकताना त्या शब्दाने दचकू नका, त्याच्या पुढचा शब्द पकडा.

आयटीतल्या लोकांना एक वाक्य नेमकं ऐकू येतं: "सॉरी, आय फक्ड अप." हे ऐकून माझ्या एका विद्यार्थ्याला वाटलं, अमेरिकन मॅनेजर आपल्याला शिव्या घालतोय. तो बिचारा स्वतःची चूक कबूल करत होता, आणि तीही बऱ्यापैकी मोकळेपणाने.

'फक यू' हा आज्ञार्थ धरायचा का?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला फार आवडला. तो एकटा नाही. १९६०च्या दशकात शिकागो विद्यापीठातल्या जेम्स मॅकॉली या भाषाशास्त्रज्ञाने याच प्रश्नावर लेख लिहिला. खऱ्या नावाने नव्हे. लेखकाचं नाव 'क्वांग फुक डाँग' आणि संस्था 'साउथ हनोई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी'. या संस्थेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा. अभ्यास गंभीर होता, गंमत वेष्टनात होती.

मुद्दा साधा आहे. इंग्रजी आज्ञार्थात 'यू' हा कर्ता गुप्त असतो. म्हणून स्वतःलाच काही करायला सांगताना 'वॉश युवरसेल्फ' म्हणतात, 'वॉश यू' म्हणत नाहीत. मग 'फक यू' कसं चालतं? शिवाय खऱ्या आज्ञार्थाला 'प्लीज' लावता येतं, 'डोंट' लावता येतं, 'उद्या सकाळी' लावता येतं. यातलं एकही 'फक यू'ला चिकटत नाही. करून बघा, वाक्य विचित्र होतं. म्हणजे दिसायला क्रियापद असलं तरी इथे त्याने क्रियापदाचं काम सोडून दिलंय. त्याची बसण्याची जागा आहे 'डॅम'च्या शेजारी. मराठीत जवळचं काय? "जळ्ळं मेलं ते ऑफिस!" यात कुणी ऑफिसला जळायची आज्ञा देत नाही. नुसता तळतळाट.

शब्दाच्या मधोमध शिवी घुसवतात, ती कुठेही घुसवली तर चालते का?

नाही, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, तेव्हा जरा लांबण लावते.

'ॲब्सोलूटली'चं 'ॲब्सो-फकिंग-लूटली' होतं. 'ॲब-फकिंग-सोलूटली' कुणीच म्हणणार नाही. 'फॅन-फकिंग-टॅस्टिक' होतं, 'फॅन्टॅस-फकिंग-टिक' होत नाही. फिलाडेल्फिया शहराचं 'फिला-फकिंग-डेल्फिया'. नियम साधारण असा की शिवी बसते ती जोराच्या अक्षराच्या अगदी आधी, लयीचा तुकडा न मोडता. 'लूट'वर आघात, त्याच्या आधी फट. 'टॅस'वर आघात, त्याच्या आधी फट. 'डेल'वर आघात, त्याच्या आधी फट. जॉन मॅकार्थी या भाषाशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला आणि तो इंग्रजी शब्दांच्या लयीच्या अभ्यासात अजून शिकवला जातो.

कुठल्याही शाळेत हा नियम शिकवत नाहीत. तरी लंडनचा टॅक्सीवाला आणि टेक्ससचा सुतार एकाच जागी फट काढतात. इंग्रजी कानात किती मुरलंय हे तपासायचं असेल तर मी वर्गात याच्याऐवजी 'ब्लडी' देते आणि टाळ्या वाजवत करून घेते. ऑस्ट्रेलियन लोक तर 'ब्लडी'नेच हे करतात. न्यू साउथ वेल्समध्ये टंबारंबा नावाचं गाव आहे. त्याचं 'टंबा-ब्लडी-रंबा' इतकं गाजलं की या सवयीलाच तिकडे ते नाव पडलं.

हे जमलं की आघात समजला. आघात समजला की तुमचं इंग्रजी समोरच्याला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. शिवीचा असाही उपयोग.

'शिट' तर सौम्य आहे ना? आमच्या सोसायटीतली चौथीतली पोरं म्हणतात.

पोरं म्हणतात कारण त्यांच्या कानावर ते "अरेरे" म्हणून पडलंय, 'विष्ठा' म्हणून नाही. इंग्रज घरात चौथीतलं पोर असं बोललं तर जेवणाच्या टेबलावर शांतता पसरेल. 'फक'पेक्षा सौम्य, हे खरं. निरुपद्रवी मात्र नाही.

पण खरी कसोटी एका 'द'ची आहे. 'इट इज शिट' म्हणजे टाकाऊ. 'इट इज द शिट' म्हणजे एकदम भारी, नाद खुळा. उपपद लागलं आणि निंदेची स्तुती झाली! माझ्या एका विद्यार्थिनीच्या टीमला क्लायंटने कॉलवर सांगितलं, "गाईज, धिस बिल्ड इज द शिट." आवाज तुटत होता, 'द' कुणाला ऐकू आला नाही. रात्री साडेअकराला टीम लीडने माफीची लांबलचक मेल पाठवली: मूळ कारण काय, सुधारणा कधी, पुन्हा होणार नाही वगैरे. सकाळी उत्तर आलं, त्यात फक्त तीन प्रश्नचिन्हं होती.

आणखी एक गंमत. 'यू डोंट नो जॅक शिट' आणि 'यू नो जॅक शिट', दोन्हींचा अर्थ एकच: तुला काही कळत नाही. एकात नकार आहे, दुसऱ्यात नाही, आणि अर्थात तसूभर फरक नाही. गणितवाल्यांना हे पचत नाही. मी त्यांना विचारते, "तुला घंटा कळतं" आणि "तुला घंटा कळत नाही" यांत फरक काय? मग गप्प बसतात.

'शीट पाठवते' म्हटलं की क्लायंट हसतात. का?

कारण आपली जीभ. मराठीत अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार-उकार दीर्घ: वकील, गरीब, फूल. नियम लिहिण्याचा असला तरी तोंडाला सवय तीच. त्यामुळे आपल्या तोंडी 'शिट'सुद्धा 'शीट' होते. आणि हे टाळायला म्हणून काहीजण उलट टोकाला जातात आणि एक्सेलच्या 'शीट'चा ईकार तोडून टाकतात. मग जे ऐकू जायचं ते जातं. 'बीच'चंही तसंच, गोव्याला चाललोय हे सांगताना तो ईकार मनापासून ओढा. आणि 'कान्ट'! ब्रिटिश पद्धतीने म्हणायचं तर 'का' लांब हवा. तो आखडला की 'कंट' हा इंग्रजीतला सर्वांत जड समजला जाणारा शब्द, स्त्रीच्या गुह्यांगाचं नाव, तयार होतो.

सुटका हवी असेल तर 'फाइल पाठवते' म्हणा.

आपले काही मराठी शब्द तिकडे शिवीसारखे ऐकू जातात का?

'फक्त'. आपण 'फ' आता बहुतेक इंग्रजी 'एफ'सारखाच उच्चारतो, म्हणजे झालंच. मँचेस्टरच्या ट्राममध्ये मी घरी फोनवर बोलत होते: "दोनच दिवस राहिलेत, फक्त. हो, फक्त. अहो, फक्त दोन!" समोरच्या आजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नातवाकडे, मग खिडकीबाहेर. कुकरच्या शिट्ट्यांबद्दलही सार्वजनिक ठिकाणी मोठ्याने बोलू नये, हे त्याच प्रवासात शिकले. आता मी तिकडे 'नुसतं' किंवा 'केवळ' वापरते. केवळ! माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई खूश झाल्या असत्या.

'ब्लडी' म्हणजे शिवी की नाही?

देश विचारा. ब्रिटनमध्ये आज अगदी सौम्य. पण एप्रिल १९१४ मध्ये लंडनला बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकात उच्चार शिकवलेली फुलवाली एलायझा भर चहापार्टीत 'नॉट ब्लडी लाइकली' म्हणाली, तर शहरभर तीच चर्चा. याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' केलं, त्यामुळे प्रसंग आपल्याला अगदीच परका नाही: उच्चार सुधारले, आशय फुलवालीचाच राहिला.

ऑस्ट्रेलियात हा शब्द मिठासारखा वापरतात. २००६ साली तिथल्या पर्यटन खात्याने जगाला 'सो व्हेअर द ब्लडी हेल आर यू?' असं जाहिरातीतून विचारलं आणि ब्रिटनमध्ये टीव्हीवर ती सुरुवातीला अडवली गेली.

भारतात मात्र हा शब्द साहेबाच्या तोंडून आला, वरून खाली. त्यामुळे आपल्या कानाला 'ब्लडी फूल' अजून झोंबतं. ब्रिटिश सहकारी 'ब्लडी ब्रिलियंट' म्हणाला तर तो कौतुक करतोय. आजोबांच्या आठवणीतल्या कलेक्टरचा राग त्याच्यावर काढू नका.

'पिस्ड' म्हणजे रागावलेला की प्यालेला?

अमेरिकेत रागावलेला, ब्रिटनमध्ये प्यालेला. ब्रिटनमध्ये रागासाठी 'पिस्ड ऑफ'. 'टेकिंग द पिस' म्हणजे टिंगल करणं.

'फक' हा शब्द राजाच्या परवानगीच्या पाटीवरून आला म्हणतात, ते खरं का?

व्हॉट्सॲपवर फिरणारी ती गोष्ट थाप आहे. 'राजाच्या संमतीने संभोग' अशा पाटीची आद्याक्षरं वगैरे काही नाही. शब्द जर्मानिक कुळातला, डच आणि स्वीडिशमध्ये त्याची भावंडं आहेत. आद्याक्षरांतून शब्द बनवायची खोड बरीच अलीकडची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी 'स्नाफू' तसा बनवला, 'नेहमीप्रमाणे सगळ्याचा विचका' या अर्थाने.

जुन्यात जुने पुरावे बघा. १३१० सालच्या, इंग्लंडमधल्या चेशरच्या न्यायालयीन दप्तरात रॉजर नावाच्या माणसाचं आडनाव लिहिलंय 'फकबायदनेव्हल'. नेव्हल म्हणजे बेंबी. बिचाऱ्याला काय जमत नव्हतं हे गावाने आडनावातच नोंदवून टाकलं. हे इतिहासकार पॉल बूथ यांना सापडलं आणि २०१५ मध्ये जगाला कळलं. १५२८ मध्ये एका भिक्षूने रोमन लेखक सिसेरोच्या हस्तलिखिताच्या समासात आपल्या मठाधिपतीबद्दल दोन शब्द खरडले, त्यातला एक हाच. वरिष्ठांबद्दलच्या भावना पाचशे वर्षांत फारशा बदललेल्या दिसत नाहीत.

ऑक्सफर्डच्या महाकोशाने मात्र शब्द घ्यायला १९७२ ची पुरवणी उजाडू दिली.

म्हणजे पूर्वीचे इंग्रज सभ्य होते?

शिव्या होत्याच, विषय वेगळे होते. देवाच्या जखमांची, हाडांची शपथ घेणं ही तेव्हाची खरी घाण भाषा. जोन ऑफ आर्कच्या काळात फ्रेंच लोक इंग्रजांना 'गोडन' म्हणत, कारण त्यांच्या तोंडी सदा 'गॉड डॅम'. १६०६ मध्ये रंगमंचावर देवाचं नाव वाईट तऱ्हेने घेण्यावर कायद्याने बंदी आली. त्या आधीच्या, तेराव्या शतकातल्या ऑक्सफर्ड-लंडनमध्ये मात्र स्त्रीच्या गुह्यांगाचं नाव उघड उघड गल्लीच्या नावात होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

'गॉश', 'हेक', 'फ्रीकिंग' हेही त्यातलेच का?

हो, मुखवटे घातलेले. 'गॉड'चा गॉश, 'हेल'चं हेक, 'डॅम'चं डार्न, 'शिट'चं शुगर किंवा शूट, 'फकिंग'चं फ्रीकिंग. आयर्लंडमध्ये 'फेक' म्हणतात, फ-वर किंचित एकार, आणि ते आजीसमोरही चालतं. पुण्यातली पोरं 'भेंडी' म्हणतात, तीच युक्ती. भाजीवाल्याचा काही संबंध नाही. नवशिक्यांनी वापरायचंच असेल तर ही पातळी पुरे.

हॉलिवुडच्या काही सिनेमांत 'फक' मोजून एकदाच येतो. असं का?

अमेरिकेच्या 'पीजी-१३' प्रमाणपत्रात साधारणपणे एकदा चालतो, तोही संभोगाच्या अर्थाने नाही. जास्त वेळा आला तर बहुधा वरचं, प्रौढांकडे झुकणारं प्रमाणपत्र मिळतं आणि शाळकरी प्रेक्षक जातो. त्यामुळे लेखक तो एकमेव हुकमाचा पत्ता जपून ठेवतात. पुढच्या वेळी लक्ष ठेवा, कुठे टाकतात ते.

अशा शब्दांवरून कोर्टकज्जे झालेत का?

भरपूर. दोन सांगते, कारण दोन्हींत आपल्या प्रश्नाचं मूळ आहे.

१९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या इमारतीत पॉल कोहेन नावाचा तरुण जाकीट घालून फिरला. पाठीवर लिहिलं होतं 'फक द ड्राफ्ट', म्हणजे व्हिएतनाम युद्धासाठीच्या सक्तीच्या भरतीचा धिक्कार. तीस दिवसांची कैद झाली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीशांनी वकिलाला सूचित केलं की तपशिलात जायची गरज नाही. वकिलाने पहिल्या काही वाक्यांतच तो शब्द उच्चारला. बरोबर केलं, तो शब्द कोर्टातसुद्धा काढता येत नाही असं ठरलं असतं तर खटला तिथेच हरला असता. १९७१ मध्ये कोहेन जिंकला. न्यायमूर्ती हार्लन यांचा आशय असा की एकाला जे गलिच्छ वाटतं ते दुसऱ्याला काव्य वाटू शकतं आणि शब्द केवळ विचार सांगायला नसतात, भावनेचा जोरही वाहून नेतात. 'मी या भरतीला विरोध करतो' असं जाकिटावर लिहिलं असतं तर एवढं झालं असतं का?

दुसरा खटला मुंबईचा. डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीला १९६० मध्ये लंडनच्या ज्यूरीने निर्दोष ठरवलं. त्याच पुस्तकासाठी मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्यावर अश्लीलतेच्या कलम २९२ खाली खटला झाला, लेखक मुल्कराज आनंद यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली, तरी १९६४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. तेच पुस्तक, तेच शब्द, दोन देश.

ठेच लागल्यावर शिवी दिली की बरं वाटतं. भास आहे का?

भास नाही. ब्रिटनच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात घालायला लावला: एकदा शिवी देत, एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द म्हणत. शिवी देताना हात जास्त वेळ टिकला. २००९ मध्ये हे छापून आलं, पुढल्या वर्षी गमतीचं 'इग नोबेल' मिळालं, तेही शांततेचं. नंतर दिसलं की उठता-बसता शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो. २०२० मध्ये त्यांनी शिवीसारखे वाटणारे नवे बनावट शब्द देऊन पाहिले. त्यांनी वेदना सहन करायला मदत झाली नाही. शब्द बहुधा लहानपणापासून निषिद्ध असावा लागतो, तेव्हाच तो चालतो.

म्हणूनच दार बोटावर बसलं की पुण्यातला माणूस 'फक' म्हणत नाही. आई आठवते. कुठल्याही अर्थाने.

मग मी बोलताना वापरू का?

समजून सगळं घ्या, बोलताना कंजूषपणा करा. कारण तुम्हाला शब्द कळतो, त्याचं वजन कळत नाही. परक्या भाषेतली शिवी आपल्याला हलकी लागते. दुसऱ्याच्या पैशाने जुगार खेळल्यासारखं होतं. ऐकणाऱ्याला ती पूर्ण वजनाने बसते.

दुसरं असं की परिस्थितीवर वापरलेला शब्द आणि माणसावर रोखलेला शब्द यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'धिस फकिंग प्रिंटर' वर बहुतेक टीम हसेल. तोच शब्द 'यू'च्या आधी लावला की एचआरची मेल. वंश, धर्म, लैंगिकता यांवरच्या शिव्या तर या पानात मी धरलेल्याच नाहीत. त्यांना लवचीकता वगैरे काही नसते. दुबई-अबूधाबीला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: युएईमध्ये व्हॉट्सॲपवर शिवी देणंसुद्धा गुन्हा आहे, त्यात दंड होतो, परदेशी माणसाला देश सोडायची पाळी येऊ शकते.

आणि जास्त वापरलं की धार जाते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या बोलीबद्दल ब्रॉफी आणि पार्ट्रिज या लेखकांनी १९३० मध्ये एक निरीक्षण नोंदवलं. सार्जंट "गेट युवर फकिंग रायफल्स" म्हणाला तर ते रोजचंच, कुणी घाई करायचं नाही. तो नुसता "गेट युवर रायफल्स" म्हणाला की सैनिक उठून धावायचे, संकट खरोखर आलंय हे कळायचं.

माझं आडनाव इंग्रजीत लिहिलं की वेबसाइटचा फॉर्म 'अयोग्य शब्द' म्हणून नाकारतो. काय करू?

आडनाव शितोळे किंवा नाव शीतल असेल तर ओळखलं. इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार अक्षरं बघा. दीक्षितांच्या एका जुन्या स्पेलिंगची शेवटची चार. यंत्र अक्षरं मोजतं, त्याला आजूबाजूचं काही कळत नाही. १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या गाळणीने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावाच्या पोटात तो 'सी' वाला शब्द दडलाय. तेव्हापासून या दुखण्याला त्या गावाचंच नाव आहे.

स्पेलिंग मात्र बदलू नका, पासपोर्टशी जुळलं नाही तर पुढे विमानतळावर भांडत बसाल. कंपनीच्या मदत केंद्राला पासपोर्टची प्रत जोडून लिहा आणि त्या मेलच्या विषयात तुमचं आडनाव घालू नका. तीही अडकते.